आठवी स्प्रिंग

संगणकाच्या पडद्यावरचं खेळातलं विमान काही केल्या सरळ धावेना. वारा शून्य, धावपट्टी मोकळी, तरी ते दर वेळी डावीकडे कलून गवतात शिरायचं. दादाने पेडलची पेटी तिसऱ्यांदा उघडली. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. पण पेटीत दोष सापडेना. विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेच्या बाई चारला हे सगळं न्यायला येणार होत्या. बहिणीच्या आठवणीची वस्तू बिघडलेली द्यायची, या विचारानेच त्याला कसंसं होत होतं.

त्याने ती पेटी तिच्यासाठीच बनवली होती. वैमानिक व्हायचं वेड तिला लहानपणापासूनचं. वैद्यकीय तपासणीत ती नापास झाली आणि पुढे स्नायूंच्या आजाराने तिला खुर्चीतच बसवलं. दादा तिला पायलटबाई म्हणायचा. पायलटबाईंकडे विमान नाही हे शोभत नाही, म्हणत त्याने जुन्या कपाटाच्या फळ्या कापल्या, ड्रॉवरच्या पट्ट्यांवर स्प्रिंग लावून पेडल बसवले आणि ते किती दाबले हे संगणकाला कळावं म्हणून भंगारातल्या रेडिओचं आवाजाचं बटण त्यांच्याखाली जोडलं. संगणकातलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ते खातं तिचं.

मग एकदा पेडल दाबताना तिचा गुडघा थरथरताना त्याला दिसला. पुढच्या गुरुवारी शेजारीण तिला व्यायामाला घेऊन गेली, तेव्हा त्याने पहिली काढून घाईघाईने बारीक तारेची, मऊ स्प्रिंग बसवली. संध्याकाळी ती खेळायला बसली आणि म्हणाली, "दादा, व्यायामाचा गुण येतोय बरं का." त्याला इतका आनंद झाला की तोंड लपवायला तो स्वयंपाकघरात गेला.

त्यानंतर दीड वर्षात सहा वेळा त्याने हीच लबाडी केली. दर वेळी स्प्रिंग आणखी मऊ, दर वेळी व्यायामाला गुण. आठवी स्प्रिंग बसवली त्या गुरुवारी ती व्यायामावरून थेट दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही.

बहिणीला फसवलं हे त्याला चार महिने आतून खात होतं. पण पाय सुधारताहेत या समजुतीत तर ती गेली, एवढ्या एका गोष्टीवर तो तगून होता.

बाई आल्या. त्यांनी एकदा विमान धाववून पाहिलं आणि स्प्रिंग बदलली होती का, असं विचारलं. दादा हो म्हणाला.

"मग बरोबर आहे. स्प्रिंग बदलली की पेडलचा मध्य थोडा सरकतोच, काका. तो संगणकाला पुन्हा शिकवावा लागतो. आधी कोण करायचं?"

"कोणी नाही," दादा म्हणाला. "आधी असं कधी झालंच नाही."

बाईंनी काहीतरी शोधून एक यादी उघडली. पेडलचा मध्य शिकवल्याच्या सात नोंदी होत्या. पहिली सोडली तर सगळ्या गुरुवारच्या, आणि प्रत्येकीला बहिणीने नाव दिलेलं. बाई वाचू लागल्या. पहिली स्प्रिंग. दुसरी स्प्रिंग, दादा खूश. तिसरी स्प्रिंग, दादाला सांगायचं नाही. सातवीपाशी त्यांचा आवाज उतरला.

"सातवी स्प्रिंग, दादा दमलाय."

दादा पेटीजवळ जमिनीवर बसला. म्हणजे स्प्रिंग बदललेल्या दर गुरुवारी विमान असंच गवतात शिरलं होतं. दर वेळी मऊ झालेल्या स्प्रिंगवरून पाय आणखी किती गेले ते तिला कळलं होतं, आणि सगळं मुकाट्याने सरळ करून ती त्याला व्यायामाचा गुण सांगत होती. तो तिला जपत होता आणि ती त्याला. तो रडला, अगदी परक्या बाईंच्या देखत.

आठवीची नोंद करू का, असं बाईंनी जरा वेळाने विचारलं.

"नको," तो म्हणाला. त्याने कपाटातल्या डब्यातून पहिली स्प्रिंग काढून बसवली आणि बाईंना पहिली नोंद निवडायला सांगितली. आठवी त्याने खिशात ठेवली.

विमान सरळ धावू लागलं. दादाने पेडलवर पाय ठेवून दाबून पाहिलं. चांगलंच जड होतं. सुरुवातीला गप्पा मारता मारता ती हे दाबायची.