समोर दोन हुक

फॉर्मवर एवढंच छापलं होतं: समोर दोन हुक. कसले, किती वजनाचे, गाडीच्या कुठल्या भागाला जोडलेले, याबद्दल अवाक्षर नाही. जनावरांच्या ज्या डॉक्टरला नदीपलीकडचा भाग हवा, त्याची गाडी पात्रात रुतली तर बाहेर ओढता यायला हवी, म्हणून हा नियम. ज्याने तो केला त्याने जन्मात चिखलात पाय घातला नसणार, असं पानाताईचं स्पष्ट मत होतं.

पानाताई म्हणजे गॅरेजवाल्या अप्पांची मुलगी. चालायला लागली तेव्हापासून हातात पाना, म्हणून हे नाव. गाडी होती तिच्या वहिनीची. वहिनी जनावरांची डॉक्टर, पाच वर्षं नदीपलीकडचे सगळे गोठे तिने एकटीने सांभाळले होते. सोमवारच्या तपासणीत गाडी नापास झाली की तो भाग दुसऱ्या कुणाला तरी जाणार होता.

"त्यात काय एवढं?" अप्पांनी खणातून दोन वाकडे लाल हुक काढले. "बंपरला वेल्डिंग मारतो. अर्ध्या तासाचं काम."

"मी मारू देणार नाही."

"मी तुला विचारलेलं नाही."

"मीही तुम्हाला विचारत नाहीये, अप्पा. सांगतेय."

वहिनी दारात चहाचा कप घेऊन उभी होती. सासरा आणि नणंद यांच्यामध्ये पडायचं नाही, हे शहाणपण तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आलं होतं. पण या वेळी भांडण तिच्याच जिवावरून होतं.

गेल्या महिन्यात भर दुपारी तिची गाडी पात्रात रुतली. मदतीला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने बंपरखालच्या कडीला दोर लावला. ती कडी गाडीबरोबरच येते, पण ट्रकवर चढवून नेताना गाडी हलू नये म्हणून बांधायला. लोक तिलाही हुकच म्हणतात, आणि हुक म्हटलं की त्याला दोर लावतात. ट्रॅक्टरने हिसका दिला. कडी उखडली आणि दोरासकट सुटून ट्रॅक्टरवाल्याच्या कानाजवळून गेली. तो नेमका गिअर बघायला खाली वाकला होता, म्हणून वाचला. "कडी गंजली असेल," असा निकाल अप्पांनी खुर्चीत बसून दिला. पानाताईने गाडीखाली जाऊन पाहिलं होतं. गंजाचा एक ठिपकाही नव्हता.

"चिखल गाडी सोडत नाही," ती अप्पांना म्हणाली. "हिसका दिला की गाडीच्या वजनाच्या दुप्पट जोर पडतो. तुमचा बंपर म्हणजे पत्रा. हुक सुटला की तोफगोळा."

"तीस वर्षं लावतोय मी. एकाची तक्रार नाही."

"ज्याच्या डोक्यात बसेल तो तक्रार करायला कसा येईल?"

त्यावर अप्पा दोन दिवस रुसून बसले. गॅरेजमध्ये जरा शांतता होती, काम भराभर उरकलं.

शनिवारी ती वहिनीला घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदाराने दोन जोड काउंटरवर ठेवले. एक लाल, चकचकीत. दुसरा करडा, ओबडधोबड, बोटभर जाड पट्ट्यांचा, ज्यांना टोकाशी एकेक मोठं गोल भोक. वहिनीचा हात आपसूक लालकडे गेला.

"वन्सं, हा किती छान दिसतोय!"

पानाताईने लाल जोड उलटापालटा करून पाहिला. "किती टनाचा, हे कुठे कोरलंय?"

"मजबूत आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "सगळे हाच नेतात."

"नेतात ते दिसतंय. ओढतो किती?"

दुकानदार छताकडे बघायला लागला. करड्या पट्ट्यांवर आकडा ठोकलेला होता, भोकाच्या कडा गोल घासलेल्या होत्या आणि बरोबरचे बोल्ट थेट चासीच्या दांड्यांत जाणारे होते. म्हणजे जोर बंपरवर नाही, गाडीच्या कण्यावर. पानाताईने करडा जोड उचलला. वहिनीने लालकडे एकदा वळून पाहिलं.

रविवारी काम सुरू झालं. अप्पा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले, म्हणजे पेपरच्या वरून बघत बसले. पट्ट्यांना वाट हवी म्हणून पानाताईने बंपरची खालची कड कापली.

"चांगल्या गाडीचं नाक कापलंस!"

"नाक कापलेलं परवडलं. मान नको कापायला."

डावी पट्टी काही केल्या बसेना. भोकं पाव इंचाने चुकत होती. तिने खटपट केली, घाम पुसला, कंपनीच्या नावाने बोटं मोडली. अर्ध्या तासाने अप्पांनी पेपरचं पान उलटलं.

"डावी उजवीकडे लावते आहेस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मघाशीच."

ती अशी काही तापली की पट्ट्या बदलून बसवताना तिला अप्पांचं हसू ऐकूसुद्धा आलं नाही. मग तिने टॉर्क पाना काढला. ठरलेला जोर पडला की तो टक्क वाजतो. आठही बोल्ट तिने वाजवून घेतले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे बोल्ट सैल होऊन फिरला तर लगेच दिसेल.

"आम्ही कण्हेपर्यंत आवळायचो," अप्पा म्हणाले.

"बोल्ट की तुम्ही?"

सोमवारी तिघंही पशुसंवर्धन खात्याच्या आवारात हजर झाली. तपासनीसाचे बूट आरशासारखे होते. तो गाडीसमोर आला, वाकला, सरळ झाला.

"हुक कुठे आहेत?"

"या काय, दोन्हीकडे," पानाताईने पट्ट्यांवर हात ठेवला. "दोराची कडी या भोकात अडकते आणि बंद होते. सुटायचा प्रश्नच नाही. पाहिजे तर तुमचा ट्रक लावा आणि ओढून बघा."

"हे भोक झालं. फॉर्मवर हुक आहे." त्याने आवाज जरा मऊ केला. "हे बघा, तुमचं हे राहू द्या. वर दोन हुक नुसते चिकटवून आणा, नावाला. तीनपर्यंत मी आहे."

वहिनीने पानाताईकडे पाहिलं. अप्पांनीही पाहिलं. खरं तर किती सोपं होतं! नावाला दोन हुक, फॉर्मवर शिक्का, वहिनीचे गोठे वहिनीकडे. पानाताईच्या तोंडाशी हो आलंही होतं. मग तिला तो ट्रॅक्टरवाला आठवला, आणि स्वतःचाच राग आला.

"नाही."

"अहो, त्यांना दोर कोण लावणार आहे?"

"जो मदतीला येईल तो! गाडी बुडत असताना कोण तुमचा फॉर्म वाचेल? माणूस हुक शोधतो आणि दिसेल त्याला दोर घालतो. खोटा हुक नसलेल्या हुकापेक्षा वाईट, साहेब. मी लावणार नाही. कुणाला लावू देणार नाही."

"मग नापास." तो फॉर्मवर खरडू लागला. "पलीकडचा भाग त्या नव्या डॉक्टरबाईंना. त्यांची गाडी सकाळीच पास झाली."

त्याने पेन रोखलं तिकडे एक पांढरी गाडी उभी होती. नवी डॉक्टर, जेमतेम पंचविशीची, औषधांचे खोके मागे चढवत होती. तिच्या बंपरवर दोन लाल हुक होते, वेल्डिंगचे डाग अजून काळे.

पानाताईने अप्पांकडे पाहिलं. अप्पा जमिनीकडे पाहत होते.

"शनिवारी आली होती," ते पुटपुटले. "तुम्ही दोघी दुकानात होतात तेव्हा."

पानाताईच्या जिभेवर खूप काही आलं. पण आधी वहिनी बोलली, पाच वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांच्या डोळ्यांत बघून.

"अप्पा, आज दुपारी ती पात्रात उतरेल. मी उतरायची, त्याच जागी."

पांढरी गाडी सुरू झाली, फाटकाकडे वळली. तेव्हा म्हातारा चालायला लागला. गुडघेदुखीमुळे दोन पायऱ्या चढताना कुरकुरणारा माणूस आवार तिरपं कापत गेला आणि फाटकात गाडीसमोर उभा राहिला. करकचून ब्रेक लागले.

"आजोबा, बाजूला व्हा ना, उशीर होतोय!"

"उतर खाली, पोरी."

"ओ, काय चाललंय?" तपासनीस धावत आला. "ती गाडी पास आहे!"

"तुम्ही पास केलीत. लावलेत मी," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, पण पाय हलले नाहीत. "हे हुक खोटे आहेत. मला ठाऊक असायला हवं होतं, तीस वर्षं. लिहा, माझ्या तोंडचं लिहा तुमच्या फॉर्मवर."

नवी डॉक्टर गोंधळून खाली उतरली. वहिनीने तिच्या गाडीतून औषधांचा पहिला खोका उचलला आणि आपल्या नापास गाडीत ठेवला.

"चल, बस. पलीकडच्या गाई फॉर्मसाठी थांबणार नाहीत."

"मी वर कळवीन!" तपासनीस ओरडला.

"कळवा," पानाताई म्हणाली आणि दुसरा खोका उचलला.

अप्पांच्या बाजूने नापास गाडी काढून दोघी डॉक्टर नदीकडे निघून गेल्या. अप्पांना हटवायला तपासनीस पांढऱ्या गाडीत बसून हॉर्नवर हॉर्न मारत राहिला. अप्पा फाटकातून हलले नाहीत, आणि पानाताई जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.