बटाटा रात्री का रडतो

बटाटा आमच्या घरात आला तो ह्यांच्या सदऱ्याच्या आत बसून. हे, म्हणजे माझे मालक, मुंबईच्या धक्क्यावर मासळी उतरवून परतले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा मुंबईहून काय आणतो म्हणून मी दारात ताटकळत उभी. मनात काकणं होती, फार तर पोलक्याचं कापड. ह्यांनी सदऱ्याचं बटण सोडलं आणि आतून एक पांढरं, गोल, ओल्या नाकाचं तोंड बाहेर आलं.

"हे काय?"

"कुत्रा हाय."

"त्यो दिसतोय मला. कशाला आणला?"

"तुला सोबत," असं म्हणून हे स्वतःच लाजले.

धक्क्यावर कुणा साहेबाचा खानसामा भेटला होता. साहेबाची मडम कायमची विलायतेला निघाली, कुत्रं मागे राहिलं, आणि खानसाम्याला ते पोसायचं नव्हतं. त्याचं इंग्रजी नाव ह्यांना वाटेतच विसरायला झालं. सासूबाईंनी त्याला उचलून दिव्याजवळ धरलं, उलटसुलट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कुत्रा हाय का बटाटा?" तेच नाव पडलं.

सासूबाईंचं नाव चंद्राबाई. नावात चंद्र असला तरी स्वभावात चांदण्याचा कवडसाही नव्हता. बाजारात त्यांच्याशी घासाघीस करायला बोर्लीपंचतनचे वाणीसुद्धा कचरत. पण त्यांच्या तोंडाचा मी कधी राग धरला नाही. मी घरात येण्याआधी माझे थोरले दीर, हरेश्वर, मासेमारीला गेले ते परत आलेच नव्हते. घरात त्यांचं नाव कोणी काढत नसे. सासूबाई रात्री कधी धड झोपत नसत. जरा वारा वाजला की उठून बसत. आता उरला होता तो हा एकच मुलगा, आणि तोही त्याच समुद्रावर जात होता.

कुत्रं माझ्या हातात देऊन हे त्याच संध्याकाळच्या भरतीला मचव्यावर परत गेले. मचवा चालवणारे तांडेल होते शेजारचे येसाजी. मासेमारी करून दोन-तीन दिवसांत यायचं होतं.

मग प्रश्न पडला, ह्या बटाट्याला झोपवायचं कुठे. बाहेर ठेवायची सोय नव्हती. आमच्या वाडीतली कुत्री माशाच्या एका डोक्यासाठी एकमेकांचे कान तोडत. त्यांनी ह्याला न चावताच गिळला असता. आत घर ते केवढं! एका कोपऱ्यात देव, एकात चूल, एकात जाळी आणि एकात सुक्या बोंबलांची पोती.

"देवाकडं नको," सासूबाईंनी निवाडा केला. "चुलीकडं नको. जाळ्यावर मुळीच नको. आन् बोंबलांकडं ठेवलास तर सकाळी बोंबील बी न्हाय आन् कुत्रा बी न्हाय."

शेवटी दाराजवळ मासळीची एक फुटकी पाटी ठेवली, आत माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला. बटाट्याने पाटी हुंगली. माशाच्या वासाने त्याचं नाक असं काही आखडलं की मला मडम न पाहताच कळली. तो पाटीतून उतरला, माझ्या चटईवर आला, गोल फिरला आणि माझ्या पावलांवर पसरला. सासूबाईंनी त्याला मानगुटीला धरून पाटीत नेऊन ठेवलं. तो परत आला. त्यांनी परत नेला. असं बराच वेळ चाललं. अखेर "मर मेल्या, साहेबाचा जावई!" म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. पावलांवरची ती ऊब मला फार आवडली. काकणांऐवजी कुत्रं आणल्याचा ह्यांच्यावरचा राग तेव्हा मावळला.

मध्यरात्र उलटली असेल. माझे पाय गार पडले म्हणून मी जागी झाले. बटाटा दाराशी बसला होता. आधी त्याने बारीक कुंई कुंई केली. मग मान वर केली आणि लांबलचक सूर लावला.

माझ्या अंगावर काटा आला. मचवे बाहेर असताना दाराशी कुत्रं रडलं, तर त्या घरचं माणूस परत येत नाही, असं आमच्याकडे मानतात. हे माझ्या माहेरीही मानत आणि इथेही. अंधारात सासूबाई उठून बसल्याचं मला कळलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चंद्राबाई बोलत नाहीत, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

सकाळी दार उघडायच्या आधीच येसाजी तांडेलांची बायको ठमाबाई दारात हजर. तिचा नवरा त्याच मचव्यावर होता.

"चंद्रे, तुज्या दारात कुत्रा रडला."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय? मी रडवला काय त्याला?" सासूबाईंनी तिला उडवून लावलं खरं, पण दिवसभर त्यांचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मीठमिरच्या घेतल्या आणि चक्क कुत्र्याची दृष्ट काढली. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. बटाटा शिंकून शिंकून बेजार झाला. त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला. एकवीरा आईला नारळ बोलून झाला. त्याला पोटभर पेज आणि वर वाटीभर पाणी पाजलं, पोट भरलेलं असलं तर रडणार नाही म्हणून.

दुसऱ्या रात्री तो अधिकच रडला. सासूबाईंनी त्याला मांडीवर ओढलं, हाताने त्याचं तोंड मिटून धरलं आणि देवीचं नाव घेत बसल्या. कुत्रं थरथर कापत होतं.

"बघ गोदे, कसा कापतोय," त्या कुजबुजल्या. "त्याला दिसतंय काय तरी."

मीही कापत होते. सोबत म्हणून ह्यांनी आणलेला जीव, आणि तोच मला ह्यांच्या मरणाची बातमी आधी सांगतोय, असं मला वाटत होतं. मला त्याला कवटाळावंसंही वाटत होतं आणि विहिरीत टाकावंसंही. उजाडताना दार उघडलं तसा तो सुसाट बाहेर पळाला. आम्ही बघितलंही नाही कुठे ते.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला. समुद्र काळवंडला. जवळपास गेलेले मचवे भराभर किनाऱ्याला लागले. आमचा आला नाही. संध्याकाळी आमच्या अंगणात बाया जमल्या. ठमाबाईचे डोळे सुजले होते. तिने हात जोडले, "चंद्रे, घालव गं त्या कुत्र्याला. खाडीपलीकडं सोड."

"सकाळी पयल्या फेरीला नावाड्या दयारामच्या होडीतून पलीकडं नेते," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा न्हाय."

बाया गेल्यावर मी म्हटलं, "आये, त्यांनी आणलाय त्याला. माज्यासाठी आणलाय."

"म्हणून तर! त्यो परत आला पायजे. कुत्रा न्हाय आला तरी चालंल."

मलाही तेच हवं होतं.

त्या रात्री मी बटाट्याला उराशी घेऊन पडले. वाऱ्याने छपराच्या झावळ्या फडफडत होत्या. झोप कुठली! आणि नेहमीच्या वेळी तो माझ्या हातांतून निसटला, दाराशी गेला आणि सूर लावला.

सासूबाईंनी एक हंबरडा फोडला आणि ताडकन उठल्या. "बस झालं! सकाळपर्यंत थांबत न्हाय मी." त्यांनी कुत्र्याला काखेत मारलं, कंदील उचलला, अडसर काढला आणि तशाच निघाल्या. मी मागोमाग धावले. बोंबील वाळत घालायच्या काठ्या ओलांडून आम्ही माडांपाशी पोचलो, तोच हातातून ओला बोंबील निसटावा तसा बटाटा त्यांच्या काखेतून निसटला.

"पळाला गं!" सासूबाई ओरडल्या. मी कंदील घेऊन उंच धरला.

बटाटा पळाला नव्हता. तो एका माडाच्या बुंध्याशी उभा होता. एक पाय वर. आणि धार लागली होती. ती संपेचना. वाऱ्यातसुद्धा आवाज येत होता. आम्ही दोघी सासू-सुना भर वादळात कंदील धरून ते बघत उभ्या. अखेर त्याने पाय खाली घेतला, मागच्या पायांनी वाळू उडवली, अंग झाडलं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता घराकडे चालायला लागला. उघड्या दारातून आत गेला. आम्ही पोचेपर्यंत माझ्या चटईवर झोपलासुद्धा.

सासूबाई उंबऱ्यात थांबल्या.

"गोदे... मुतायला?"

"व्हय आये."

"इतक्या राती उरावर बसला त्यो... मुतायला?"

आम्हाला कसं कळणार? आमच्या वाडीतली कुत्री बाहेरच जन्मतात आणि बाहेरच मरतात. लागलं की जवळच्या माडाशी मोकळी. घरात झोपणारं कुत्रं आम्ही आयुष्यात पाहिलं नव्हतं, मग घर घाण होऊ नये म्हणून दार उघडा असं विनवणारं कुठून पाहणार? आणि आम्ही काय केलं, तर दाराला अडसर घातला, त्याचं तोंड दाबून धरलं आणि वर वाटीभर पाणी पाजलं.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्या पदर डोळ्यांना लावून रडल्या, आणि मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. छातीवरची धोंड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं मला. तेवढ्यात ठमाबाई पेटती चिमणी घेऊन धावत आली.

"काय... काय कळलं?"

"काय न्हाय गं ठमे! कुत्र्याला मुतायचं व्हतं!"

ठमाबाईने चिमणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "आन् मी देवीला कोंबडा बोलले!"

"मग दे की! बटाट्याच्या नावानं दे!"

अंधारात दारं उघडली, एकीने दुसरीला सांगितलं, आणि वाडीभर बायांचं हसू पसरलं. मचवा अजून आला नव्हता. वारा तसाच होता. पण आता होता तो फक्त वारा, आणि वारा पडायची वाट बघायची आम्हाला सवय आहे. त्या रात्री वाडी झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मचवा आला. वारा फिरताच येसाजींनी तो रेवदंड्याच्या खाडीत घातला होता. सगळे धडधाकट होते, नुसते भुकेने वखवखलेले. ह्यांना सगळी हकिकत सांगितली तर ह्यांनी कपाळावर हात मारला.

"अरं तिच्या! खानसाम्यानं सांगितलं व्हतं, राती एकदा भाईर न्या म्हणून. सांगायचं राह्यलंच."

"राह्यलं?" सासूबाईंनी हातातलं ओलं फडकं ह्यांच्या पाठीत हाणलं. "तुज्या राह्यल्यापायी आख्खी वाडी मरत व्हती, मेल्या!" आणि मग त्याच हाताने ह्यांचं डोकं जवळ ओढून किती तरी वेळ धरून ठेवलं.

संध्याकाळी आम्ही दोघी परसात मासे कापत बसलो होतो. सासूबाईंचा कोयता मध्येच थांबला.

"गोदे, हरेश्वर गेला ना, त्याच्या आदल्या राती बी कुत्रा रडला व्हता."

मी हातातला मासा खाली ठेवला.

"बोंबलांच्या खोपीत. रातभर रडला. मला सारखं वाटत व्हतं, पोराला सांगावं, आज जाऊ नको. पर त्यो हसंल म्हणून बोलले न्हाय. मला आधी कळलं व्हतं, आन् मी त्याला जाऊ दिला, असंच धरून बसले मी इतकी वर्सं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "सकाळी मीच खोपीचं दार उघडलं. कुत्रा आतून सुटला त्यो थेट माडाकडं. संध्याकाळी कोणी तरी दार लावलं आन् त्यो आत अडकला असंल. मी डोळ्यांनी बघितलं, पर मनात आलं न्हाय."

मग त्यांनी मान वर केली. चंद्राबाईंचा चेहरा असा लहान मुलीसारखा मी कधी पाहिला नव्हता.

"त्याला बी मुतायलाच लागलं असंल काय गं?"

"व्हय आये," मी म्हणाले. "दुसरं काय असणार? तुला कोणी काय सांगत नव्हतं."

"न्हाय ना?"

"न्हाय. कुत्रा दार उघडा म्हणत व्हता."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग कोयता उचलला आणि राहिलेले मासे कापून टाकले.

त्या रात्री नेहमीच्या वेळी बटाटा दाराशी जाऊन कुंई कुंई करू लागला. मी वाट बघितली, पण सासूबाई उठल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून त्या घोरत होत्या, चांगल्या मोठ्याने. त्यांची झोप मोडू नये म्हणून मीच हलक्या हाताने अडसर काढला आणि त्याला बाहेर नेलं.