कोंडवाड्याला माणूस पाहिजे

शिक्षा भोगून कडूबा घनसावंगीच्या जीपमधून उतरला, तेव्हा सगुणाबाईनं नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. फौजेत असताना कडूबानं हात बांधलेल्या कैद्याला बडवलं होतं. हुकूम साहेबाचा. पण कडूबाची नोकरी गेली, वर कैद झाली. साहेबाला नुसती तंबी. हे गाऱ्हाणं सगुणाबाई नळावर, गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं कान दिसेल तिथं सांगायची.

अशात गावाच्या कोंडवाड्याला राखणदार पाहिजे होता, मोकाट जनावरं कोंडायला. कडूबानं काम मागितलं. चावडीवर अप्पाराव फिसकटलेच, "बांधलेल्यावर हात उचलणारा गडी, अन् त्याच्याच हवाली कोंडलेली जनावरं?"

"लई शिक्षा भोगली त्यानं!" सगुणाबाई उठलीच. "साहेब सुटला, माझा नवरा सडला!"

सरपंच उषाबाई म्हणाल्या, "कडूबा, तू बोल की."

"माझी शिक्षा बराबर व्हती," कडूबा खाली बघत म्हणाला. "साहेबाची कमी पडली. त्याची वाढवायची सोडून ही माझीच कमी करून राह्यली."

सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. एवढी वकिली केली, अन् अशीलच फितूर!

कोपऱ्यातून कमरोद्दीनचाचा खाकरले. त्यांच्या म्हशीला कोंडवाड्याची वाट दाखवावी लागत नसे. "द्या त्याला. पहिली माझीच म्हैस जाणार. पाठीवर वळ दिसला, तर मंग मी हाय न् हा हाय."

वळ काही दिसला नाही. उलट म्हैस घासूनपुसून, शिंगांना तेल लावून घरी आली. ते बघून गावातल्या जनावरांची दावी आपोआप सुटायला लागली; दंड किरकोळ, चारा-तेल फुकट.

एक दिवस अप्पारावांचा बैल आला. गळ्यात दाव्याचा तुकडा, टोक अगदी साफ कापलेलं. नवऱ्याची भाकरी घेऊन आलेल्या सगुणाबाईनं ते उचलून बघितलं. तेवढ्यात अप्पाराव बैल न्यायला हजर.

"दादा, तुमचा बैल विळा बी चालवतो का हो?"

"जनावर हाय, सुटलं. त्याला काय कळतं!"

"बिलकुल न्हाई कळत. म्हणून त्याला चारा, अन् तुम्हाला दंड. इथं साहेब सुटत न्हाई."

कडूबा पहिल्यांदाच मोकळा हसला. अप्पारावांनी दंड भरला. बैल घेऊन दोन पावलं गेले, मागे वळले.

"अन् तेल? एकाच शिंगाला लावलंय."