चिपळूणला जाणारं अस्वल

स्वानंदीने तिसऱ्या अंकावर चिकटवलेलं प्लास्टिकचं भिंग नखाने खरवडून काढलं आणि फ्रिजवर ठेवलं. तिथे आधीच एक रबरी बेडूक आणि एक शिट्टी येऊन बसली होती. इथे जर्मनीत लहान मुलांच्या मासिकाला काही ना काही खेळणं चिकटलेलं असतंच आणि मूल त्या खेळण्याकडे बघून मासिक निवडतं. ही लबाडी तिला नको होती. वर्गणी भरायची तर नीट पारखून, असं तिने ठरवलं होतं.

नमुन्याचे तीन अंक तिने मागवले होते. एकात कोल्ह्याचं कुटुंब होतं आणि पानापानावर भरपूर मजकूर. दुसरा विज्ञानाचा, गांडूळ जमिनीखाली दिवसभर काय करतं ते सांगणारा. तिसऱ्यात मजकूर जवळपास नव्हताच. नुसती चित्रं, आणि मधल्या जोडपानावर जनावरांच्या जत्रेची एवढी गर्दी की बोट ठेवायला जागा नाही. एर्लांगेनमधल्या एका कंपनीत ती एमआरआय यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासायची, त्यामुळे घरातसुद्धा काही निवडायचं झालं की रकाने आखल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लॅपटॉपवर तिने तिन्ही अंकांना पाचपैकी गुण दिले होते. कोल्हा पुढे होता. चित्रांच्या अंकाला ‘भाषा’ या रकान्यात शून्य मिळालं होतं.

एवढा खटाटोप रुद्रसाठी चालला होता. रुद्र पाच वर्षांचा, किंडरगार्टनच्या शेवटच्या वर्षाला. तिथे रोज सकाळी मुलं गोल करून बसत, मॉर्गनक्राइस म्हणत त्याला, आणि ज्याला काही सांगायचं असेल तो सांगे. सप्टेंबरपासून फेब्रुवारी उजाडला, पण त्या गोलात रुद्रने अवाक्षर काढलं नव्हतं. घरी त्याची जर्मन बडबड अखंड चाले. मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्येच येई. गोलात बसला की मात्र ओठ शिवल्यासारखे.

“शाळा यंदा की एक वर्ष थांबून, ते आपण मार्चमध्ये बोलू,” त्याच्या बाई, फ्राउ ब्रांडल, म्हणाल्या होत्या. “तोवर एखादं मासिक लावा. घरी मिळून वाचा. शुक्रवारी मुलं घरून एक वस्तू आणतात, तेव्हा त्याला ते आणू दे.”

कोणत्या भाषेत वाचायचं ते बाईंनी सांगितलं नव्हतं आणि स्वानंदीनेही विचारलं नव्हतं. तिने आपल्यापुरतं जर्मन धरलं होतं. ‘एक वर्ष थांबून’ हे शब्द तिच्या मनातून जात नव्हते. या देशात आल्यावर पहिलं वर्षभर तीही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये गप्प बसून सूप प्यायची. आपलं ते मुकेपण पोराच्या वाट्याला आलं की काय, अशी भीती तिला वाटत होती, आणि ती भीती कोणाजवळ बोलण्यासारखीही नव्हती. नवरा, क्षितिज, आठवड्यातले चार दिवस बॉनला असे. फोनवर तो म्हणाला होता, “अगं, बाबापण असेच. घरात दिवसाला दहा शब्द बोलायचे. काही बिघडलं का त्यांचं?” तिला ते मुळीच धीराचं वाटलं नव्हतं.

तेच बाबा, म्हणजे तिचे सासरे शरदचंद्र, या क्षणी सोफ्यावर हीटरला पाय टेकवून बसले होते. डिसेंबरात आले होते, येत्या रविवारी परत कऱ्हाडला जायचे होते. पत्नी चारुलताबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं आणखीच कमी झालं होतं. स्वानंदीने टेबलावरून चित्रांचा अंक बाजूला सारला तसा रुद्रने तो उचलला आणि पळत जाऊन आबांच्या मांडीवर टाकला.

शरदचंद्रांनी मधलं जोडपान उघडलं. डाव्या हाताची मूठ तोंडासमोर धरली, घसा खाकरला, आणि एकदम त्यांचा आवाज बदलला.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. अस्वल कुटुंबाने आपल्या मधाच्या बरण्या मांडीवर घ्याव्यात. हंसांनी रांग मोडू नये.”

एकतीस वर्षं ते एसटीत होते, त्यातली निम्म्याहून जास्त कऱ्हाडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. घरात न बोलणारा हा माणूस माईक हातात आला की अख्खा स्टँड हलवायचा, असं क्षितिज कौतुकाने सांगायचा. मूठ तोंडाशी नेली की आजही तोच आवाज निघे. रुद्र हसून लोळत होता. मध्येच उठून त्याने एका डुकरावर बोट ठेवलं आणि जर्मनमध्ये विचारलं, याची गाडी कुठली?

“हे होय? हे विनातिकीट आहे. ह्याला चौकशीच्या खिडकीशी उभं करा.”

स्वानंदी हसली नाही. चार दिवस हेच चाललं होतं. कोल्ह्याचा अंक तिने दोनदा रुद्रला वाचून दाखवायला घेतला, दोन्ही वेळा तो तिसऱ्या ओळीला खाली उतरून पळाला होता.

रुद्र हात धुवायला गेला तेव्हा ती सोफ्याजवळ आली.

“बाबा, एक सांगू? रागावू नका.”

“बोल ना.”

“हे अंक मी त्याच्या जर्मनसाठी आणलेत. तुम्ही त्यात आपलं काहीतरी वेगळंच सांगता, मराठीत. मग मी वाचते ते त्याला नकोसं होतं. मार्चमध्ये त्याच्या शाळेचं ठरणार आहे हो.”

शरदचंद्रांनी अंक मिटला. चष्मा काढून त्याची घडी केली, तो खिशात ठेवला.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “माझ्या लक्षात आलं नाही.”

पुढचे दोन दिवस त्यांनी मासिकाला हात लावला नाही. रुद्रने अंक आणून दिला की म्हणत, “आईकडून वाचून घे बाळा. मला नाही येत ते.” ते खोटं नव्हतं, पण ते ऐकताना दर वेळी स्वानंदीची मान खाली जाई. बोललो ते मुलाच्या भल्यासाठी, हे तिने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. संध्याकाळी ती कोल्हा वाचायची, रुद्र गालिच्यावर पालथा पडून ऐकायचा किंवा ऐकत नसायचा, आणि शरदचंद्र बाल्कनीच्या काचेशी उभे राहून खालच्या सायकली बघत राहायचे. घर एवढं शांत झालं की भांड्यांच्या मशीनचा आवाज मोठा वाटू लागला.

शुक्रवारी सकाळी तिने रुद्रच्या दप्तरात कोल्ह्याचा अंक स्वतःच्या हाताने घातला. पहिल्या पानावरची दोन वाक्यं त्याच्याकडून घोकून घेतली. बस येईपर्यंत तो ती बरोबर म्हणत होता.

दुपारी तीनला ती आणायला गेली तर कपडे टांगायच्या खोलीत भलताच गोंधळ होता. सात-आठ मुलं बाकाशेजारी एकामागे एक उभी होती. पुढे एक दोन वेण्यांची मुलगी मूठ तोंडाशी धरून ओरडत होती, “फलाट फीअर! फलाट फीअर!” फीअर म्हणजे चार. रुद्र बाकावर उभा राहून ती रांग सरळ करत होता. त्याने आईला पाहिलं, पण कामात असल्यामुळे खाली उतरला नाही.

फ्राउ ब्रांडल हातात अंक घेऊन बाहेर आल्या. तो कोल्ह्याचा नव्हता. चित्रांचा होता. रुद्रने सकाळी कधीतरी दप्तरात बदलून घेतला असणार.

“फ्राउ थोरात, आज तो बोलला,” बाई म्हणाल्या. “गोलात. दहा मिनिटं. मला थांबवावं लागलं, नाहीतर जेवायला उशीर झाला असता.”

पाच महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं चालता चालता कानावर पडेल, असं स्वानंदीला वाटलं नव्हतं.

“काय बोलला?”

“तेच विचारायचंय. अस्वलांची बस, हंसांची रांग, तिकीट नसलेलं डुक्कर. जर्मनमध्येच सांगत होता, मधले काही शब्द फक्त आम्हाला कळले नाहीत. मुलांनी ते लगेच उचलले. मग त्याने प्रत्येकाला गाडी नेमून दिली.” बाईंनी मधलं पान उघडून तिच्यासमोर धरलं. “पण मी सगळा अंक चाळला. हा मजकूर कुठे आहे? सोबत ऐकायचं काही मिळतं का? आपल्या गटासाठीही हेच मासिक लावावं म्हणते.”

स्वानंदी त्या पानाकडे बघत राहिली. कोपऱ्यात डुक्कर होतं. डुकराच्या पोटावर बोटाचा मळकट ठसा होता, आणि शेजारी आणखी एक, मोठा.

“नाही,” ती म्हणाली. “यात नाहीये ते. ते माझ्या सासऱ्यांचं आहे.”

“आणि चिपळूण? ते कुठल्या गोष्टीतलं गाव?”

“गोष्टीतलं नाही. खरंच आहे. मी दोनदा गेलेय.”

“आल्झो, असं आहे तर,” फ्राउ ब्रांडल हसल्या. “शाळेचं मार्चमध्ये बघू. सोमवारी मात्र त्याला अंक विसरू देऊ नका. त्याने नेमून दिलेली माझी गाडी चुकलीय.”

परतीच्या बसमध्ये रुद्र खिडकीशी बसून पुटपुटत होता. स्वानंदीला स्वतःची शरम वाटत होती. सगळे रकाने आखले, आणि पोरगं कधी तोंड उघडतं ते चार दिवस डोळ्यांसमोर घडत असताना त्यावर आपणच पडदा ओढला. तीन दिवसांपूर्वीचं ते घडी केलेल्या चष्म्याचं दृश्य तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

घरी शरदचंद्र बॅग भरत होते. थर्मल कपड्यांची चळत त्यांनी नीट बांधून ठेवली होती.

“आलात?” ते म्हणाले. “कोल्हा सांगितला का त्याने?”

“नाही,” स्वानंदी म्हणाली. “चिपळूणची गाडी सोडली.”

तिने सगळं सांगितलं, दोन वेण्यांच्या मुलीसकट. शरदचंद्र ऐकत होते. हातातला मफलर त्यांनी बॅगेत ठेवला, परत काढला, परत ठेवला.

“बाबा, मी चुकले.”

“अगं, तू आई आहेस,” ते म्हणाले. “मीही पहिल्या दिवशी माईकसमोर उभा राहिलो तर तोंडातून शब्द फुटेना. आमचे साहेब म्हणाले, माणसांकडे बघू नकोस, गाड्यांकडे बघ.” एवढं बोलून ते पुन्हा बॅगेकडे वळले. त्यांच्या हिशेबाने हे फार बोलणं झालं होतं.

चहा ठेवून स्वानंदी टेबलाशी बसली. लॅपटॉप तिने उघडला नाही. चित्रांच्या अंकात वर्गणीचे दोन छापील अर्ज होते, ते दोन्ही कापून घेतले. एकावर रुद्रचं नाव आणि एर्लांगेनचा पत्ता घातला. दुसरा लिहायला तिला जास्त वेळ लागला. परदेशी पाठवण्यासाठी एक चौकोन होता, त्यात तिने खूण केली.

शरदचंद्र कप घ्यायला आले.

“शेवटी कुठलं ठरलं?”

“हेच.” तिने दुसरा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. “जरा तपासून देता का?”

त्यांनी खिशातून चष्मा काढला, उघडला, लावला. रोमन अक्षरांवरून बोट हळूहळू सरकू लागलं. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं. बोट तिथे थांबलं, खालच्या ओळीवर उतरलं, पुन्हा वर गेलं.

“स्वानंदी, पत्ता चुकलाय. हा आपला कऱ्हाडचा.”

“नाही चुकला. एक अंक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. दर रविवारी व्हिडिओ कॉल लावू. दोघांनी तेच पान उघडायचं.”

शरदचंद्रांचं बोट पुढे सरकत राहिलं, पेठ, गाव, जिल्हा. शेवटच्या ओळीवर त्यांनी तिच्याकडून पेन मागून घेतलं.

“पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे झालेत,” ते म्हणाले आणि खोडून वर बरोबर आकडे लिहिले. “आणि गाव मोठ्या अक्षरात घाल. आमच्याकडे पोस्टमन नवीन आहे.”