न पाठवलेली वाक्यं

धाकटी, माझी बहीण, लग्नाआधी एका रुग्णालयात एक्स-रे काढायची. नवरा म्हणाला, "सध्या नको." ते "सध्या" काही संपेना. तिनं गुपचूप अर्ज केला, निवड झाली, आणि तिच्याच मेलवरून रुग्णालयाला नकार गेला: घरगुती अडचणींमुळे येऊ शकत नाही. तो तिनं लिहिला नव्हता. आता दुसऱ्या गावच्या रुग्णालयानं मुलाखतीला बोलावलं होतं. राहायला क्वार्टर्सही होते.

"ताई, या वेळीही त्याला कळलं ना, तर मी पुन्हा अर्ज करणार नाही," ती म्हणाली. "दम नाही उरला."

म्हणून आमच्या दोघींच्या बोलण्यासाठी मी ॲप शोधलं. मी प्रयोगशाळेत पाणी तपासते. पद्धत कशी बनली हे पाहिल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवायची सवय नाही. बहुतेक फुकट ॲप्सना आपली अख्खी फोनबुक हवी असते. मी निवडलेल्याचा कोड कुणालाही वाचायला खुला होता, बाहेरच्या जाणकारांनी तो तपासला होता, जाहिराती नव्हत्या, खर्च देणग्यांवर चालायचा. निरोप फक्त दोन फोनांवर उघडायचा.

आठवड्याच्या आत तिच्या नवऱ्यानं जेवताना भाजी वाढून घेत म्हटलं, "क्वार्टर्समध्ये पाण्याची बोंब असते म्हणे."

क्वार्टर्सचं तिनं फक्त मला लिहिलं होतं.

"तुझं ॲप गळकं निघालं, ताई," ती प्रयोगशाळेत येऊन म्हणाली. "एवढं शिकून चाळणीत पाणी भरलंस."

मला राग आला नाही. सगळ्याच नमुन्यांत शिसं सापडायला लागलं, की आम्ही शुद्ध पाण्याची एक बाटली त्याच वाटेनं फिरवतो. तिच्यातही शिसं निघालं, तर खोट विहिरीत नाही, आपल्या हाताळणीत. मी तिला म्हटलं, "आज घरी गेल्यावर मला लिही, मानेत गाठ लागतेय, कुणाला सांगू नकोस. पण पाठवू नकोस. पुसून टाक."

"पाठवायचं नाही तर लिहायचं कशाला?"

"लिही तर."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "धाकटीच्या मानेत गाठ आहे आणि तू मला बोलली नाहीस?"

म्हणजे ॲप निर्दोष होतं. खोट त्याच्याही आधी होती, अक्षरं उमटतात त्या जागी. नवऱ्यानं तिला हौसेनं रंगीत कीबोर्ड टाकून दिला होता. "बघ, चित्रंसुद्धा येतात," म्हणाला होता. ती जे जे टाइप करेल ते त्याला जात होतं. पण आईला?

मी आईकडे गेले. ती ओट्याशी भेंडी चिरत होती. न लाजता तिनं फोन माझ्यापुढे धरला.

"जावईबापू पाठवतात मला रोज. काळजीपोटी गं. म्हणतात, तुम्हालाही कळलेलं बरं."

मी वाचत गेले. पाठवलेलं, न पाठवलेलं, अर्धवट, सगळं एकाखाली एक. मैत्रिणीला लिहिलेले विनोद. पाळीच्या तारखा. आणि मध्येच, मागच्या महिन्यातलं: "आई, मला घरी यायचंय. येऊ का?" खाली त्याचा शेरा: "पुसलं. नाटकं." त्याखाली आईनं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

दुसऱ्याच्या तोंडातला घास बोटानं काढून चघळावा, तशी मला शिसारी आली. फोनला हात लावल्याचीसुद्धा.

"हे वाचलंस तू?"

"वाचलं ना."

"मग?"

"मग काय? पाठवलंच नाही तिनं. न पाठवलेल्याला मी काय उत्तर देणार?" भेंडीचं देठ उडवत ती म्हणाली. "आणि गाठ असली तर ते नोकरीचं खूळ तरी सुटेल. दाखवली का डॉक्टरला?"

आधी खूळ, मग डॉक्टर. मी बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले. आई म्हणाली, "आता काय झालं हात धुवायला?"

धाकटीला मी दुसरा फोन घेऊन दिला, साध्या खुल्या कीबोर्डचा, तो माझ्याच कपाटात ठेवायचा. जुन्या फोनवर ती नवऱ्यासाठी भाजीची यादी आणि डोकेदुखी टाइप करत राहिली. मुलाखत झाली. निवडीचं पत्र नव्या फोनवर आलं, आणि या वेळी कुणी नकार कळवला नाही.

निघायच्या सकाळी ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. नवा फोन हातात घेऊन म्हणाली, "आईचा नंबर टाकते यात. पोचले की तिला कळवेन."

लपवणं मला जमलं असतं. पण तिच्याविषयी सगळ्यांना सगळं माहीत, आणि फक्त तिलाच नाही, हे पुरे झालं होतं. मी आईच्या फोनवरचं सगळं सांगितलं. ते "येऊ का?"सुद्धा.

नंबर घालता घालता तिचं बोट थांबलं.

"हात जोडले होते?"

"हो."

"मला वाटायचं, एवढं पाठवायचं धाडस केलं असतं, तर आई धावत आली असती." तिनं अर्धवट घातलेला नंबर एकेक आकडा करून मागे घेतला. "चल, बस सुटेल. तू ती जड बॅग घे."