डावी, उजवी, दोन्ही

धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि धाकटीलाही ते मान्य होतं. तिचं म्हणणं एवढंच, की याच तोंडावर धंदा चाललाय. ते काही खोटं नव्हतं. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी ती ब्रा शिवायची. आतून सुती खिसा, खिशात नीट बसेल अशी मऊ गादी, आणि खांद्यावर ओढ येऊ नये म्हणून पाठीमागचा पट्टा रुंद. दुकानातही अशी वस्तू मिळते, पण काउंटरवरच्या माणसाकडे ती मागायची कशी? धाकटीकडे मागणं सोपं होतं. सोशल मीडियावर तिचं पान होतं आणि आठवड्यातून एकदा ती शिलाई मशीनसमोर बसूनच लाइव्ह यायची.

सुरुवात ठरलेली. "एक ताई आहेत, नाव नाही सांगत हं," आणि मग त्या ताईंची गोष्ट. ऑपरेशननंतर वर्षभर दिवा मालवून कपडे बदलणाऱ्या ताई, मैत्रिणीच्या मिठीला घाबरून लग्नकार्याला जायचंच सोडलेल्या ताई. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या, लाल बदामाची चिन्हं पाठवायच्या आणि लाइव्ह संपलं की इनबॉक्समध्ये स्वतःची कहाणी लिहायच्या. आधी कहाणी, मग माप, मग पैसे. धाकटीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट बायका आपल्यापाशी मन मोकळं करतात याचा तिला अभिमान होता.

रविवारी वरच्या मजल्यावरून मोठे दीर आणि थोरली जाऊ जेवायला खाली यायचे. तेव्हा त्याच कहाण्या ताटांवरून पुन्हा एकदा फिरायच्या. दीर मान हलवायचे, नवरा "अरेरे" म्हणायचा. थोरली गप्प जेवायची. तिचं सगळंच पोटात राहायचं. माहेरचं दुःख असो की दाढदुखी, थोरलीकडून बातमी काढणं म्हणजे बंद नळाखाली बादली लावून बसणं.

मग पान आटलं. लाइव्हला जिथे दीडदोनशे बायका यायच्या तिथे वीस येऊ लागल्या, आणि ब्राचे फोटो तर असभ्य म्हणून काढून टाकले जाऊ लागले. सुट्टीवर आलेल्या लेकीने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आई, आता ऑनलाइन बाजारात दुकान टाकू या. तिथे लोक घ्यायलाच येतात."

दुकानाचं नवं नाव लेकीनेच ठेवलं, दोन अक्षरी, काहीच अर्थ नसलेलं. मग तिने आईचा मजकूर वाचायला घेतला.

"'मायेने शिवलेली' काढ."

"का? मायेने नाही शिवत मी?"

"'तुमचं दुःख मला कळतं' हेही काढ. कापड कोणतं, धुवायचं कसं, एवढंच लिही."

फोटो पांढऱ्या चादरीवर काढले. धाकटीचा हातसुद्धा त्यात दिसता कामा नये, असा नियम. आणि शेवटी पडद्यावर एक चौकट आली. खिसा कोणत्या बाजूला? त्याखाली तीन पर्याय: डावी, उजवी, दोन्ही.

धाकटी भडकलीच. "एवढं मोठं दुखणं, आणि त्याला बोट टेकवायला तीन गोल? बाईला काही बोलायचं असेल तर?"

"आई, त्यांना वस्तू हवी आहे. तू नको आहेस."

लेकीला तसं म्हणायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं, शेवटी लेक तरी कोणाची! सुट्टी संपवून ती गेली, आणि तिचं ते वाक्य मात्र घरातच राहिलं.

ऑर्डरी आल्या. पानावर महिन्याला यायच्या तेवढ्या आठवड्यात आल्या. चौतीस, उजवी. अडतीस, दोन्ही. ना नमस्कार, ना ताई, ना कहाणी. धाकटी शिवायची, पिशवीत भरायची, कुरिअरवाला येऊन त्या बाजाराच्या गोदामाकडे न्यायचा. पैसे येत होते आणि तिला करमत नव्हतं. एवढ्या बायका इतके दिवस होत्या कुठे? इनबॉक्समध्ये का नाही आल्या? तिने ओट्याला टेकून या प्रश्नावर बराच विचार केला आणि उत्तर काही सापडलं नाही.

ते उत्तर एका मंगळवारी सकाळी आपणहून आलं. छत्तीस, डावी. खाली पत्ता होता. गल्ली त्यांचीच, घर त्यांचंच, मजला वरचा. आणि नाव थोरलीचं.

धाकटीने ते नाव चारदा वाचलं. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. थोरली मध्यंतरी दोन महिने मुलाकडे राहून आली होती. गुडघ्याचे उपचार, असं दीर म्हणाले होते. परत आली ती वाळूनच, आणि भर उन्हाळ्यात अंगावर शाल. धाकटी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी, दुखतात गुडघे आणि शाल खांद्यावर?" सगळे हसले होते. थोरलीही हसली होती.

धाकटी तशीच उठली आणि जिन्याकडे धावली. वर जाऊन थोरलीला कवेत घ्यायचं, रडायचं, रागवायचं, की मी जगाच्या बायकांचं शिवते आणि तुम्ही मला परकं केलंत? अर्ध्या जिन्यात तिचे पाय थांबले. वर गेल्यावर काय होईल ते तिला दिसलं. थोरलीला सगळं सांगावं लागेल. कधी कळलं, कुठे कळलं, किती कापलं. आणि मग कधीतरी, नाव न घेता, "एक ताई आहेत."

थोरलीला ब्रा हवी होती. फक्त आपली गोष्ट झालेली नको होती. म्हणून ती अनोळखी दुकानाकडे गेली होती, आणि ते दुकान नेमकं खालच्या मजल्यावर निघालं. धाकटीला आपली इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. ती जिन्यातच बसून रडली, आवाज वर जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून.

मग खाली येऊन शिवायला बसली. थोरलीने आपलं जुनंच माप दिलं होतं. आता तो पट्टा तिला चांगला चार बोटं सैल झाला असता. धाकटीने पट्टा तेवढा आत घेतला आणि चिठ्ठी छत्तीसचीच लावली.

तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला दारात उभा. पोट सुटलेला, पन्नाशीचा, जिना चढायचा कंटाळा असलेला माणूस.

"अहो, ही पिशवी तर तुमच्याकडूनच नेली होती मी. वरच द्यायची होती तर हाक मारायची. काखेत कळसा नि गावाला वळसा!"

धाकटीने त्याला दंडाला धरून आत ओढलं. "हळू बोला. त्यांना वळसाच हवाय. तुम्ही वर जा, पिशवी द्या, आणि कुठून आली ते सांगू नका."

"मला कोण विचारतंय," म्हणत तो धापा टाकत वर गेला. दार उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा.

रविवारी सगळे जेवायला बसले. धाकटी वाढत होती. नवरा म्हणाला, "काय गं, बरं नाही का तुला? या आठवड्यात एकही ताई नाही?"

थोरलीचा घास हातातच राहिला. दीर पाण्याच्या पेल्याकडे बघू लागले.

"नाही हो," धाकटी म्हणाली. "आता सगळं त्या बाजारातूनच चालतं. कोण घेतं, कशाला घेतं, मला काही कळत नाही." एवढं बोलून ती थोरलीकडे न बघता मीठ आणायला आत गेली. मीठ ताटांजवळच होतं. परत आली तेव्हा थोरली जेवत होती.

चार दिवसांनी दुकानाच्या पानावर एक शेरा आला. पाच तारे, खाली दोन वाक्यं. "माप अगदी नेमकं बसलं. आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही."

इतक्या वर्षांत बायकांनी धाकटीला काय काय लिहिलं होतं, देवी म्हटलं होतं, आई म्हटलं होतं. त्यातलं काहीच या दोन वाक्यांइतकं आत गेलं नाही. हे कौतुक होतं आणि ते लागतही होतं. ती उत्तर लिहायला बसली. 'वहिनी' लिहिलं, पुसलं. आपण चुकलो असं लिहिलं, तेही पुसलं. काही लागलं तर केव्हाही, हेसुद्धा पुसलं. शेवटी सगळी दुकानं लिहितात तो एकच शब्द उरला, "धन्यवाद". तिने तो पाठवला.

वरच्या मजल्यावर फोन टिंग वाजला. थोरलीची पावलं फोनपर्यंत गेली आणि थांबली, ती धाकटीने खाली बसून ऐकली.