चावी हातात, इंजिन चालू

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘चालकाचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला.’ अपघातानंतरच्या तुमच्या आरटीओ तपासणीतल्या या एका ओळीनं बावीस वर्षं टॅक्सी चालवणाऱ्या माणसाचं लायसन्स गेलं.

त्याची भाची मेकॅनिक. खरं सांगायचं तर तिचाही मामावर विश्वास नव्हता. गाडी दुकानाच्या शटरवर आदळली, मागे बसलेल्या बाईंचा पाय मोडला आणि मामाचं एकच पालुपद, "चावी काढून हातात घेतली होती गं! तरी इंजिन बोंबलतच होतं." वय झालं बिचाऱ्याचं, म्हणून तिनं कानाआड केलं होतं.

महिन्यानं गाडी तपासणीतून सुटून भाचीच्या गॅरेजात आली. तिनं टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, आतला दांडा दोन बोटांत धरून हलवला. पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगला. त्याला तेल पुरवणारी बारीक नळी काजळीनं चोंदलेली. दांडा कोरडा फिरून फिरून झिजलेला. मग तिनं टर्बोकडून इंजिनात जाणारा हवेचा पाइप खालून सोडवला, तर भसकन काळं तेल सांडलं. चांगलं लिटरभर!

टर्बोतून गळलेलं हे तेल इंजिन डिझेलसारखं जाळत होतं. चावीनं फक्त डिझेल बंद होतं; स्वतःचंच तेल पिणारं इंजिन चावी काढून काय डोंबल थांबणार?

"मामा, तू खरं बोलत होतास."

"मग काय, तुझ्यासारख्या थापा मारतो?" मामा हसला. "बसव नवा टर्बो."

"थांब. हे बघ आधी."

पाइपचं वरचं टोक आवळणाऱ्या पट्टीवर, क्लॅम्पवर, पिवळी रेघ होती. उघडलेला क्लॅम्प परत आवळला की मेकॅनिक अशी रेघ ओढतो, तपासल्याची खूण म्हणून. रेघ ताजी होती. तपासणीवाल्यांनी समोरच्या काचेवर केसचा नंबर ज्या पिवळ्या रंगात लिहिला होता, तोच रंग.

"म्हणजे... त्यांनी उघडून बघितलं होतं?" मामानं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

तिनं नवा टर्बो बसवलाच नाही. सकाळी जुना टर्बो आणि तो क्लॅम्प तिनं थेट आरटीओत त्या तपासणीवाल्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. तेल ओघळलं.

"ए बाई, कागद खराब होतायत!"

"होऊ द्यात. पाइप तुम्ही उघडलात, तेल तुमच्या हाताला लागलं. तरी माझ्या मामाचा पाय का लिहिलात? कुणाला वाचवायला? बोला साहेब, मी इथंच उभी आहे."